तक्त्यात दडलेल्या ओळी

गावगाड्यात दप्तर कुळकर्ण्याच्या हाती असे. सरकारी साऱ्याची रक्कम महाराने डोक्यावरून वाहून न्यायची; पण दप्तरात काय लिहिले गेले ते विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि विचारले असते तरी वाचता आले नसते. जोतीराव फुल्यांनी कुळकर्ण्याच्या लेखणीवर एवढे आसूड ओढले ते उगाच नव्हे. पुढे कुळकर्णी वतन गेले, १९५८ च्या कायद्याने महारवतनही गेले. आज दप्तर संगणकात आहे आणि बऱ्याच कचेऱ्यांत ते एक्सेलच्या तक्त्यांत ठेवलेले असते. आपली पोरे शिकली, तेव्हा हे दप्तर आपल्याला वाचता येते असा आपला समज आहे. तो समज अर्धवट आहे, असे मी हिशेब तपासणारा माणूस म्हणून सांगतो. माहिती मागितल्यावर आपल्या हाती येतो तो छापील कागद. तक्ता करणाऱ्याने जेवढे दाखवायचे ठरवले तेवढेच त्यावर उमटते.

एक्सेलच्या प्रत्येक सेलमध्ये दोन गोष्टी असतात : वर दिसणारा आकडा, आणि त्याच्या पोटात असलेले सूत्र किंवा मूळ संख्या. छापताना फक्त पहिली गोष्ट कागदावर येते. शिवाय ओळी, रकाने, एवढेच काय तर पानेच्या पाने लपवता येतात. लपवणे म्हणजे खोडणे नव्हे; लपवलेली ओळ फाईलमध्ये जिवंत असते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण २००८ सालचे आहे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाल्यावर तिचा काही व्यवसाय बार्कलेज बँक विकत घेत होती. कोणते करार घ्यायचे त्याचा एक्सेल तक्ता होता. नको असलेले १७९ करार त्यात लपवलेले होते, काढून टाकलेले नव्हते. वकिलांच्या कचेरीत त्या तक्त्याचे रूपांतर न्यायालयात देण्याच्या कागदात करताना त्या ओळी पुन्हा उघड्या झाल्या आणि नको असलेले करार खरेदीच्या यादीत जाऊन बसले. निस्तरण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. तिथे लपलेले चुकून बाहेर आले. आपल्याला ते मुद्दाम बाहेर काढायचे आहे.

कागदच हाती असेल तर आधी दिसणाऱ्या ओळींची बेरीज हाताने करावी. कंटाळवाणे काम आहे, पण याच्याइतके फळ देणारे दुसरे नाही. खाली छापलेली बेरीज आपल्या बेरजेपेक्षा जास्त आली, तर मध्ये लपवलेल्या ओळी असण्याचा संभव मोठा. कारण 'सम' हे नेहमीचे सूत्र लपवलेल्या ओळीही धरते. छापलेली बेरीज कमी आली, तर सूत्राने शेवटच्या काही ओळी घेतलेल्या नसतात किंवा काही आकडे संगणकाच्या लेखी आकडेच नसतात. हा दुसरा प्रकार आपल्याकडे फार. रकमेपुढे '/-' अशी खूण करायची आपली जुनी कारकुनी सवय. एक्सेलमध्ये ही खूण सेलमध्येच टंकली की ती रक्कम म्हणजे नुसता मजकूर होतो आणि 'सम' तिला गुपचूप वगळते. रक्कम डोळ्यांना दिसते, बेरजेत नसते.

फाईल मिळाली तर काम सोपे. मूळ फाईल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे. डावीकडच्या ओळींचे क्रमांक पाहावेत. १७ नंतर एकदम २३ आला तर मधल्या ओळी लपवलेल्या किंवा गाळून ठेवलेल्या आहेत. गाळणी लावलेली असेल तर ती आधी काढावी. मग वरच्या डाव्या कोपऱ्यावर टिचकी मारून सगळा तक्ता निवडावा आणि ओळींच्या क्रमांकांवर माउसचे उजवे बटण दाबून 'अनहाइड' म्हणावे. रकान्यांचे आणि खालच्या पानांचेही तसेच. कंट्रोल धरून, एकच्या आकड्याच्या डावीकडचे बटण दाबले की सर्व सूत्रे उघडी पडतात. बेरजेच्या जागी सूत्र नसून हाताने टाकलेला आकडा दिसला, तर तिथे थांबावे आणि तो आकडा कोठून आला हे लेखी विचारावे.

आता टक्क्यांविषयी, कारण आपला हक्क बहुधा टक्क्यांत मोजला जातो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. समजा उत्पन्न २० लाख आणि खर्च २ लाख ९२ हजार. प्रमाण झाले १४.६ टक्के. दशांश न दाखवण्याची सोय वापरली की त्याच सेलमध्ये १५ टक्के असे दिसते. कागदावर कायदा पाळला गेला. वस्तीच्या वाट्याचे आठ हजार मात्र आलेच नाहीत.

शिष्यवृत्तीच्या याद्यांतही एक खोड आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नीट सांभाळते. सोळा अंकी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून टंकला तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्ये तर सरळ गळतात. पैसे न पोचलेल्या विद्यार्थ्याला 'तुझाच क्रमांक चुकला' म्हणून परत पाठवण्याआधी हे तपासले पाहिजे.

मूळ फाईलचा आग्रह मी का धरतो? कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडले की देशाचे कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते. गरिबांवरील खर्च कापू पाहणाऱ्यांना हा आधार मिळाला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडूनच मूळ तक्ता मिळवला. सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवे होते, ते ४४ व्या ओळीवरच थांबले होते. पाच देश बाहेर राहिले होते. याखेरीज काही वर्षे वगळलेली आणि भारांकनाची पद्धत वादग्रस्त होती, आणि निष्कर्षातला मोठा फरक त्यांच्यामुळेच पडला. हे सगळे दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याची वाढ २.२ टक्के झाली. छापील लेख वाचून हा दोष कोणालाही सापडला नसता.

आपल्याकडे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात 'माहितीचा अधिकार' या व्याख्येतच संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणून अर्जात 'सूत्रांसह मूळ एक्सेल फाईल, पेन ड्राइव्हवर' असे स्पष्ट लिहावे. अर्थसंकल्पाचे तक्ते असतील तर त्यात ७८९ हे गौण शीर्ष शोधावे. अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा पैसा त्याखाली नोंदला जातो. दिल्लीत याच योजनेतले शेकडो कोटी रुपये २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांकडे वळवले गेले, ते माहितीच्या अधिकारातूनच बाहेर आले.

लपवलेली ओळ सापडली म्हणजे चोर सापडला असे समजू नये. कागद एका पानात मावावा म्हणूनही कारकून ओळी लपवतो. आधी खुलासा मागावा, आरोप नंतर. आणि हीच चाळणी आपल्या संस्थांना, जयंती मंडळांच्या वर्गणीलाही लावावी. तिथे सूत्रांसह फाईल मागणाऱ्या पोराला 'समाजात फूट पाडतोस' म्हणून गप्प बसवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते बोलतात ते थेट चावडीवरच्या भाषेत.