हरवलेल्या रोमन व्हिलाचा शोध

रोमन काळातील ‘व्हिला’ म्हणजे शेतजमिनीतील धनिकाचा वाडा. इंग्लंडमध्ये असे अनेक वाडे शेतांखाली गाडले गेले आहेत. त्यांचा माग पिकावरून लागतो. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने ओल टिकत नाही. पीक खुरटते व लवकर पिवळे पडते. बुजलेल्या चरावर मात्र ते उंच व हिरवे राहते. अवर्षणात विमानातून पाहिल्यास वाड्याचा आराखडाच शेतात उमटलेला दिसतो. ससेक्समधील बिग्नॉर येथे १८११ मध्ये नांगर एका मोठ्या दगडाला अडला आणि तेथील व्हिला उजेडात आला. परंतु लक्षात घ्या, नांगरच असे अवशेष वर्षानुवर्षे झिजवतही असतो. म्हणून पिकातील खुणांची नोंद वेळीच होणे अगत्याचे ठरते.