शाळेतल्या ‘कौन्सेलर मॅडम’ कुठे घडतात?

नववीतला मुलगा दोन महिने वर्गात गप्प. वह्या कोऱ्या, डबा तसाच परत. बाई त्याला समुपदेशकांकडे पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी आई शाळेत हजर : ‘‘आमचा पोरगा काय वेडा आहे का?’’ लालबाग-परळच्या शाळेत हे काम बहुधा या प्रश्नानेच सुरू होते. त्याला नीट सामोरे जायला शिकण्यासाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते.

या शिक्षणाचे मूळही जवळचेच. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची देवनारची ‘टिस’. पुढच्याच वर्षी संस्थेने चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडले. देशातले ते पहिले मानले जाते. म्हणजे या क्षेत्रातले विद्यार्थी सुरुवातीपासूनच समोर मूल बसवून शिकले. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही १९९६ मध्ये इथूनच निघाली.

आजही अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे. विकासाचे मानसशास्त्र, चाचण्या, उपचारपद्धती हे वर्गात होते. खरी कसोटी क्षेत्रकार्यात. आधी विद्यार्थी आपसात जोड्या करून बसतात. एकाने बोलायचे, दुसऱ्याने फक्त ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही. हे भल्याभल्यांना जड जाते. आपल्या भाषेने तर ‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ घालून ठेवला आहे! पुढे प्रत्यक्ष मुलांशी झालेले संभाषण लिहून काढायचे आणि अनुभवी पर्यवेक्षकापुढे ठेवायचे. कुठे घाई केली, कुठे स्वतःचीच भीती मुलावर लादली, हे तिथे कळते.

गुप्तता हा आणखी एक अवघड धडा. मूल जे सांगते ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर जात नाही. पण जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. आणि लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावी लागते.

गिरणगावात या शिक्षणाची वेगळीच परीक्षा होते. ‘रोज अर्धा तास एकांतात बस’ हा पुस्तकी उपाय दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे काय कामाचा? तिथला एकांत म्हणजे जिन्याचे वळण, नाहीतर गच्ची. शिवाय शिक्षण बहुतांशी इंग्रजीत. पुस्तक ‘अँग्झायटी’ म्हणते. मूल म्हणते, ‘‘पोटात गोळा येतो.’’ हे भाषांतर कोणी शिकवत नाही, ज्याचे त्याने चाळीत जाऊन शिकायचे.

पाटी मात्र कोणीही लावू शकतो, ही खरी काळजी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांना २०२१ च्या आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या यादीत जागा मिळाली, पण काही आठवड्यांचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदवी यांतला फरक पालकांना दारावरच्या पाटीवरून कळत नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितले. मागणी वाढली की घाईच्या नेमणुकाही होतात. म्हणून पालकसभेत सरळ विचारावे : पदवी कोणती, क्षेत्रकार्य कुठे केले, पर्यवेक्षण कोण करते?

आणि ‘वेडा आहे का’ म्हणणाऱ्या आईशी प्रशिक्षित समुपदेशक वाद घालत नाही. खुर्ची पुढे करते आणि विचारते, ‘‘घरी जेवतो का तो? झोप लागते?’’ समुपदेशक औषध देत नाही. मुलाला त्याची गरज वाटली तर परळला केईएमच्या मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवते. आई बिचकत असेल तर केसपेपर काढायच्या रांगेपर्यंत सोबतही जाते.