पाठीमागून रंगवलेली कॅसँड्रा

कोण ही कॅसँड्रा?

ग्रीक पुराणकथेतली ट्रॉयची राजकन्या. अपोलो देवाने तिला भविष्य पाहण्याची शक्ती दिली. तिने त्याला नाकारले, तेव्हा त्याने शाप दिला: तू खरेच बोलशील, पण कुणाला ते पटणार नाही. ग्रीकांनी ठेवलेला लाकडी घोडा वेशीच्या आत घेऊ नका, हे तिचे सांगणे कुणीच कानावर घेतले नाही. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांच्या कादंबरीने हीच कथा तिच्या तोंडून सांगितली. चित्रकार नलिनी मालानी यांना त्या कादंबरीने झपाटले आणि २००९मध्ये त्यांनी उलटे रंगवलेले ३० तुकडे जोडून ‘कॅसँड्रा’ हे चित्र उभे केले.

उलटे रंगवणे म्हणजे काय?

अॅक्रिलिक रंग, शाई आणि इनॅमल, सगळे पारदर्शक अॅक्रिलिक शीटच्या मागच्या अंगाला लावायचे आणि पाहायचे पुढून. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी भरतात, डोळ्यातली चमक शेवटी. इथे ती चमक पहिली, मग बुबुळ, मग चेहरा, सर्वांत शेवटी मागचे आकाश. डावे-उजवेही उलटते. शिवाय पहिली रेघ कायम सर्वांच्या पुढे राहते. चुकली तर तिच्यावर रंग चढवून झाकता येत नाही.

मुळात काचेवरची ही रीत अठराव्या शतकात चीनमधून भारतात आली, तंजावरात देवदेवतांच्या चित्रांत रुळली. मालानींना ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून मिळाली.

मला या चित्राचे मर्म इथेच दिसते. शेवट काय होणार हे ठाऊक असल्याखेरीज या पद्धतीत पहिला ठिपकाही देता येत नाही. कॅसँड्राचे दुःखही शेवट आधी दिसण्याचेच होते.

मालानींच्या कामातला बदल

जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीत घर सुटले. आधी कोलकाता, मग मुंबई. शिक्षण तिथल्या जे. जे. कला महाविद्यालयात. १९९२मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती चुन्याने पुसली गेली. स्वतःचे काम असे जाऊ द्यायला मोठे धाडस लागते. पुढच्याच वर्षी त्या रंगभूमीकडे वळल्या, ग्रीक कथेतल्या मेडियाकडे, नंतर व्हिडिओकडे.

२०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात कॅसँड्रा पुन्हा आली. तिथे उलट रंगवलेले पारदर्शक दंडगोल छताखाली फिरत होते. त्यांतून प्रकाश जाई, भिंतींवर सावल्या सरकत, आणि मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाची सावलीही त्यांत मिसळून जाई.