अल्पसक्रिय व्हिनिल एकवारिकांचे नियंत्रित मूलक बहुवारिकीकरण

अल्पसक्रिय व्हिनिल एकवारिकांचे नियंत्रित मूलक बहुवारिकीकरण म्हणजे व्हिनिल ॲसिटेट, एन-व्हिनिल पायरोलिडोन यांसारख्या एकवारिकांपासून ठरावीक व जवळजवळ समान लांबीच्या साखळ्यांची बहुवारिके मुक्तमूलकांच्या साहाय्याने तयार करण्याची प्रक्रिया. या एकवारिकांत द्विबंधाला ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा अणू थेट जोडलेला असतो.

या वर्गातील सर्वांत परिचित पदार्थ व्हिनिल ॲसिटेट हा होय. सुतारकामातील पांढरा गोंद (फेव्हिकॉल हे त्याचे भारतातील सर्वपरिचित नाव) पॉलिव्हिनिल ॲसिटेटवर आधारलेला असतो. त्याच बहुवारिकापासून पॉलिव्हिनिल अल्कोहोल व त्यापासून पुढे पॉलिव्हिनिल ब्युटिराल मिळते. मोटारीच्या पुढच्या काचेत दोन काचांमध्ये सुमारे ०.७६ मिलिमीटर जाडीचा जो पारदर्शक पापुद्रा असतो, तो सामान्यतः याच पदार्थाचा. अपघातात काच तडकली तरी तिचे तुकडे या पापुद्र्याला चिकटून राहतात. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात मोटारी तयार होतात आणि सेंट-गोबेन सेक्युरिटसारखी वाहनांच्या काचा बनवणारी कंपनीही आहे. त्यामुळे हे बहुवारिक तेथील रोजच्या व्यवहारातले आहे. व्हिनिल अल्कोहोल हे एकवारिक मुक्त स्वरूपात टिकत नाही, त्याचे लगेच ॲसिटाल्डिहाइड होते. म्हणून पॉलिव्हिनिल अल्कोहोल हवे असेल तर व्हिनिल ॲसिटेटचाच मार्ग धरावा लागतो.

अडचणीचे मूळ

‘अल्पसक्रिय’ हे विशेषण काहीसे फसवे आहे. एकवारिक मंद असते, पण त्यापासून बनलेले मूलक अतिशय उतावीळ असते. स्टायरिनच्या मूलकातील एकाकी इलेक्ट्रॉन शेजारच्या बेंझीन वलयावर विखुरतो व त्यामुळे मूलक शांत होते. व्हिनिल ॲसिटेटच्या मूलकाला असा आधार जवळजवळ नसतो. ६० अंश सेल्सिअसला स्टायरिनच्या साखळीवृद्धीचा वेगस्थिरांक सुमारे ३४० लिटर प्रति मोल-सेकंद आहे, तर व्हिनिल ॲसिटेटचा ८,००० च्या आसपास. दोन्ही एकवारिके समप्रमाणात असतील तर स्टायरिनचे मूलक स्टायरिनला सुमारे ५५ पट अधिक पसंती देते. व्हिनिल ॲसिटेटचे मूलकही स्टायरिनकडेच सुमारे १०० पट अधिक ओढले जाते. परिणामी व्हिनिल ॲसिटेटमध्ये थोडेसे स्टायरिन मिसळले तरी प्रक्रिया जवळजवळ थांबते.

नियंत्रित पद्धतीत बहुतेक साखळ्या कोणत्याही क्षणी सुप्त असतात व आळीपाळीने जाग्या होऊन थोड्या थोड्या वाढतात. सर्वांना सारखी संधी मिळाल्यामुळे त्यांची लांबीही सारखी होते. मात्र त्यासाठी नियंत्रकाने साखळीचे टोक धरले पाहिजे आणि वेळेवर सोडलेही पाहिजे. व्हिनिल ॲसिटेटचे उतावीळ मूलक नियंत्रकाशी इतका घट्ट बंध करते की ते सहजासहजी सुटत नाही. १९९५ मध्ये पुढे आलेली, तांबे व हॅलोजन यांवर आधारित अणुसंक्रमण पद्धत येथे मुख्यतः याच कारणामुळे अपुरी पडली. शिवाय १०० पैकी एखाद-दुसरा घटक साखळीत उलटा जोडला जातो. अशा टोकाची सुप्त साखळी तर आणखी कष्टाने जागी होते.

उपाय

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने सल्फरयुक्त संयुगांचा वापर करणारी, उलटसुलट साखळी-संक्रमणावर आधारलेली ‘राफ्ट’ पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातील डायथायोबेंझोएट संयुगे स्टायरिनसाठी उत्तम ठरली, पण त्यांनी व्हिनिल ॲसिटेटचे बहुवारिकीकरण रोखून धरले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सामी झार्द व रोडिया कंपनीचे संशोधक यांनी झँथेटांचा उपयोग केला. झँथेटमधील ऑक्सिजनचा अणू आपले इलेक्ट्रॉन कार्बन-सल्फर द्विबंधाकडे ढकलतो. त्यामुळे मूलक जोडले गेल्यावर बनणारा मध्यस्थ अस्थिर राहतो व साखळी लवकर मोकळी होते. अतिसक्रिय मूलकासाठी कमी ओढीचा नियंत्रक हवा, हे या विषयातील कळीचे सूत्र होय. (झँथेट महाराष्ट्राला नवे नाही: कल्याणजवळ शहाड येथे बनणारा व्हिस्कोज रेयॉनचा धागा सेल्युलोजच्या झँथेटमधूनच काढला जातो.)

२००५ मध्ये बेल्जियममधील लिएज विद्यापीठात कोबाल्टच्या ॲसिटिलॲसिटोनेटच्या साहाय्याने व्हिनिल ॲसिटेटवर नियंत्रण मिळवण्यात आले. यात कोबाल्ट व कार्बन यांच्यातील दुर्बल बंध सुप्त साखळीचे काम करतो. मात्र नंतर कोबाल्ट काढून टाकावे लागते.

स्टायरिन किंवा ॲक्रिलेट आणि व्हिनिल ॲसिटेट यांचे खंड एकाच साखळीत जोडणे अधिक कठीण, कारण एकाला मानवणारा नियंत्रक दुसऱ्याला मानवत नाही. २००९ मध्ये सीएसआयआरओच्या संशोधकांनी पिरिडिनयुक्त डायथायोकार्बामेट वापरून यातून वाट काढली. आम्ल घातल्यावर हा नियंत्रक ॲक्रिलेटसाठी योग्य असतो. आम्ल उदासीन केल्यावर तोच व्हिनिल ॲसिटेटला चालतो. ॲक्रिलेटचा खंड अर्थातच आधी बनवावा लागतो.

गोंदासाठी किंवा काचेतील पापुद्र्यासाठी साखळ्यांची लांबी इतकी नेमकी असण्याची गरज नसते. त्यामुळे त्यांचे उत्पादन साध्या मूलक बहुवारिकीकरणानेच होते. सल्फर संयुगांचा रंग व वास ही नियंत्रित पद्धतीची आणखी एक अडचण आहे. तिचा खरा उपयोग खंड-बहुवारिकांत होतो. रोडियाने झँथेट पद्धतीने बनवलेली अशी बहुवारिके ‘रोडिब्लॉक’ या नावाने बाजारात आणली.