आचारसंहितेचे दात

‘आचारसंहिता लागलीय, निकालानंतर या.’ निवडणूक जाहीर झाली की सरकारी कचेऱ्यांत हे उत्तर ठरलेले. प्रत्यक्षात थांबतात त्या नव्या घोषणा, भूमिपूजने आणि सुरूच न झालेली कामे. चालू रस्ता थांबत नाही, दाखलेही नाहीत. सबब सोयीची आहे, एवढेच.

आचारसंहिता हा कायदा आहे, हाही समज पक्का. १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीपासून सुरू झालेली ही नियमावली संसदेने कधीच संमत केलेली नाही. म्हणून ती मोडली तरी काही बिघडत नाही, असे मानणाऱ्यांनी मात्र मुंबईतले विलेपार्ले आठवावे. आचारसंहितेत मनाई असलेल्या काही गोष्टी कायद्यातही आहेत: धर्माच्या नावावर मते मागणे किंवा प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ‘भ्रष्ट आचार’ ठरते. १९८७ च्या पोटनिवडणुकीत विलेपार्ल्यातून जिंकलेल्या डॉ. रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या आवाहनावरून उच्च न्यायालयाने रद्द केली. प्रचारात भाषणे करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचाही मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. फक्त सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९५ उजाडले. तोवर ती विधानसभाच इतिहासजमा झाली होती.

खर्चमर्यादेबद्दलचा घोळ सर्वात मोठा. २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पण ही मर्यादा उमेदवाराची. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही! स्टार प्रचारकाचे हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात जाते. उमेदवार त्याच मंचावर बसला, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या नावावर चढतो. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवून देतात. खुर्च्या मित्राने फुकट दिल्या म्हटले, तरी त्यांची किंमत हिशेबात धरावीच लागते. निवडणूक यंत्रणेचे पथक सभेचे चित्रीकरण करते, त्यावरून खुर्च्या मोजून वेगळी नोंदवही ठेवली जाते आणि उमेदवाराचा हिशेब तिच्याशी ताडून पाहतात.

मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो; घरोघरी भेटी चालतात. रात्री पाकीट वाटणारा गुन्हेगार, हे सर्वांना ठाऊक असते. घेणाराही कायद्याने लाचखोरच ठरतो, आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.