डबा सापडतो कसा?

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही नरडाण्याजवळच्या एका टेकडीवर गेलो. टेकडीवर गुराख्यांची एक रिकामी झोपडी आहे. तिच्या आसपास आम्ही आदल्या दिवशी पत्र्याचा एक डबा लपवून ठेवला होता. डब्यात वही आणि पेन्सिल. ज्याला डबा सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे आणि डबा होता तिथेच ठेवायचा. मुलांच्या हाती आम्ही फक्त दोन आकडे दिले : अक्षांश आणि रेखांश.

निघण्यापूर्वीच गोंधळ उडाला. एका गटाच्या मोबाइलमधला नकाशा टेकडी दाखवत होता, तर दुसऱ्याचा तापी ओलांडून शिरपूरच्या बाजूला नेत होता. "सर, आम्ही पोहत जायचं का?" एका मुलीने विचारले. चूक आमचीच होती. अक्षांश होता २१.२२ अंश (पुढचे अंक सध्या सोडून देऊ). दुसऱ्या गटाच्या चिठ्ठीवर घाईघाईत आम्ही लिहिले होते, २१ अंश २२ मिनिटे.

या दोन्हींत फरक किती? घड्याळाप्रमाणे इथेही एका अंशाची ६० मिनिटे होतात. म्हणून ०.२२ अंश म्हणजे १३.२ मिनिटे, २२ नव्हे. फरक पडला ८.८ मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर भरते. म्हणजे एका खुणेच्या चुकीने डबा सोळा किलोमीटर उत्तरेला सरकला!

दशांश चिन्हापुढचे अंकही असेच बोलके असतात. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा. त्यामुळे दुसऱ्या अंकाची किंमत सव्वा किलोमीटरच्या आत, चौथ्याची ११ मीटर आणि पाचव्याची एक मीटरच्या जवळपास. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना लहान होत जातो. आपल्या भागात तो सुमारे १०४ किलोमीटर आहे.

पण मोबाइलला हे आकडे कळतात कसे? अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सांगत असतात, 'मी इथे आहे आणि आता इतके वाजले आहेत.' हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला लागलेल्या वेळावरून उपग्रहाचे अंतर निघते. तीन अंतरांवरून जागा ठरते. मोबाइलचे साधे घड्याळ चुकीचे असते, म्हणून ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणूनच उपग्रहांवर अणुघड्याळे बसवलेली असतात. आपल्या 'इस्रो'ने २०१३ साली सोडलेल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरची अणुघड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह फिरत राहिला, पण जागा ठरवण्यासाठी त्याचा उपयोग उरला नाही.

पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी हे थांबवले गेले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. डबे शोधण्याचा हा खेळ तेव्हापासून जगभर पसरला.

आता आमच्या टेकडीकडे वळू. झोपडीपाशी पोहोचल्यावर मोबाइल म्हणाला, 'आलात!' पण डबा दिसेना. मोकळ्या माळावरही मोबाइलची चूक काही मीटरांची असते. झाडाखाली किंवा कड्यालगत ती वाढते. शेवटची वाट डोळ्यांनीच शोधावी लागते. मुलांनी दगडांच्या रांगा पाहिल्या. बाकी सगळे दगड मातीने माखलेले होते, एकाच दगडाखालची माती ताजी उकरलेली होती. डबा तिथेच होता.

हा नुसता खेळ नाही. शेतात कुणाला साप चावला, तर आपण १०८ ला फोन करतो. शिवारात घरक्रमांक नसतो, तेव्हा अक्षांश-रेखांश सांगण्याची वेळ येऊ शकते. तिथे अंश आणि मिनिटांचा घोळ झाला, तर गाडी तापीपलीकडे जाईल. म्हणून आकडा सांगताना एकक सांगावे, आणि जवळची विहीर, देऊळ किंवा फाटा ही खूणही सांगावी.

शाळेत करून पाहा : मैदानात एक खुंटी ठोका. दिवसातून दहा वेळा तिच्याजवळ मोबाइल ठेवून पाच दशांश अंकांपर्यंत नोंद घ्या आणि सर्व बिंदू आलेख-कागदावर मांडा. खुंटी जागची हलली नाही, तरी बिंदू मात्र विखुरलेले दिसतील. त्यातला सर्वांत दूरचा बिंदू खुंटीपासून किती मीटरवर पडला, ते मुलांनाच मोजू द्या.