हेमंतातील दोन बाळंतपणे आणि तिसरा रुग्ण

वैद्यमित्रांनो, हेमंत ऋतूत जाठराग्नी बलवान असतो, स्निग्ध-मधुर आहार पचतो आणि अभ्यंगास हा काळ श्रेष्ठ होय, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले आहे. बाळंतिणीने हिवाळ्यात बाळंत व्हावे, म्हणजे डिंक, आळीव, मेथी अंगी लागते, असे आपल्याकडील वृद्ध स्त्रिया म्हणतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. परंतु हे डिंकाचे लाडू वळते कोण, आणि वळणारीचे वय काय, हा प्रश्न आम्हांस अनेक वर्षे पडला नव्हता. तो मागील हेमंतात पडला. त्याची ही हकीकत.

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. आमचा चिकित्सालय त्या परिसरातच आहे. रुग्ण बहुतांशी पाळीवर जाणारे कामगार आणि त्यांची कुटुंबे. घरे पत्र्याची किंवा एका विटेच्या भिंतीची. दिवसा ती तापतात, पहाटे बर्फासारखी होतात. त्यामुळे मार्गशीर्ष लागला की खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या जातात व दाराला सोलापुरी चादर टांगली जाते. वाचकांनी हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

या वस्तीतील एक आजी आमच्या जुन्या रुग्ण. वय पासष्टच्या आसपास, सोलापुरात तीस वर्षे विड्या वळून मुले वाढविलेली, दोन्ही गुडघ्यांत संधिगत वात, आणि पाच वर्षांपासून रक्तदाबाची आधुनिक गोळी चालू. मुलगा येथील कारखान्यात लागला म्हणून त्या चिंचोळीस आल्या. मार्गशीर्षात लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी सूनबाई सोलापुरातील रुग्णालयात शस्त्रक्रियेने प्रसूत झाली. हे तिचे दुसरे बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे सासरीच. मुलगी दिवस भरण्यापूर्वी झालेली, वजन १ किलो ९०० ग्रॅम. घरात चार वर्षांची थोरली नात होतीच. दोन खोल्यांत दोन बाळंतिणी, दोन तान्ही बाळे, एक धावते मूल, पाळीवर जाणारा मुलगा आणि या सर्वांस एक आजी.

त्यांचा दिवस आम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकला व काही पाहिला. पहाटे साडेचारला उठून बंब पेटवायचा. मुलाची पहिली पाळी, म्हणून सहापूर्वी भाकरी. मग बाळंतिणींसाठी बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी, तूप, आळिवाची खीर. ऊन अंगणात आले की लेकीच्या बाळाचे तेल लावणे व न्हाऊ घालणे. पायांवर बाळ घेऊन बसायचे म्हणजे दुखरे गुडघे सरळ ताणून पाऊण तास. त्यानंतर लेकीचे अंग चोळणे, शेक. लंगोट-दुपटी धुणे. सहाणेवर गुटी. दुपारी थोरल्या नातीला अंगणवाडीतून आणणे. रात्री कोणते ना कोणते बाळ रडतेच. स्वतःचे जेवण सर्वांत शेवटी, उरलेल्या शिळ्या भाकरीवर शेंगाचटणी.

सूतिकागारात काय असावे हे आपल्या संहितांनी इतके बारकाईने सांगितले आहे की आधुनिक प्रसूतितज्ज्ञानेही वाचावे. सूतिकाकाल सुश्रुताचार्यांच्या मते सामान्यतः दीड महिना. काश्यपांनी तर आनूप व जांगल देशातील बाळंतिणीचे उपचार वेगळे सांगितले आहेत. जांगल देशात स्नेह मोकळ्या हाताने वापरावा, असा त्यांचा कल आहे. आमचा सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण, कोरड्या वाऱ्याचा, करडई आणि मालदांडी ज्वारीचा प्रदेश. तो जांगलच म्हटला पाहिजे. म्हणून तेल-तुपाच्या बाबतीत आजींशी आमचे कधीही दुमत झाले नाही. मतभेद झाले ते तीन ठिकाणी, आणि त्यांपैकी पहिल्या ठिकाणी आम्ही पूर्वी स्वतः चुकलेलो होतो.

ती चूक येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी याच वस्तीतील एका घरातून थंडीच्या दिवसांत दूरध्वनी आला होता. बाळंतिणीचे अंग दुखते, काय करावे? आम्ही घर न पाहता, खोली कशी आहे हे न विचारता सांगितले, 'शेक-शेगडी चालू ठेवा, वात आहे.' दोन दिवसांनी बाळंतिणीस तीव्र डोकेदुखी व मळमळ सुरू झाली, बाळ मलूल होऊन अंगावर पिईना. शेजारणीने दार उघडले म्हणून निभावले. दोघांनाही सोलापुरास हलवावे लागले व सुदैवाने दोघेही वाचले. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी रात्रभर होती. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. धूर गेला, निखारा लाल झाला म्हणजे शेगडी निर्धोक झाली, ही समजूत घातक आहे. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही हा वायू येतच असतो. आणि त्याची पहिली लक्षणे, म्हणजे डोके जड होणे, मळमळ, थकवा, आपण सहजपणे सूतिकावस्थेतील वातप्रकोपाच्या खाती टाकतो. आम्ही ती टाकली होती.

त्यानंतर आम्ही चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय पुन्हा काढला. कुमारागाराचे वर्णन करताना आचार्यांनी 'निवात' या विशेषणापाठोपाठ 'प्रवातैकदेश' हे विशेषण ठेवले आहे. वारा अंगावर येऊ नये, परंतु एका बाजूने हवा खेळती हवी. पहिला शब्द आपल्या घराघरांत पोहोचला, दुसरा पोथीतच राहिला. तसेच धूपनाचे. जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादी द्रव्ये तेथे सांगितली आहेत ती बाळाची वस्त्रे, अंथरूण व पांघरूण धुपविण्यासाठी. काश्यपांचा धूपकल्प अधिक विस्तृत आहे व त्यावर विद्वानांनी अवश्य चर्चा करावी. तथापि दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत तान्ह्या बाळाचे तोंड धुरावर धरण्यास चरकाचार्यांचा आधार घेता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजींना हे पटविणे सोपे नव्हते. 'आमच्या चार लेकरांस्नी काय झालं न्हाई,' हे उत्तर तयार होते. आम्ही म्हटले, 'आजी, तुमचे जुने घर कौलारू होते, कौलांतून धूर जात होता. हे पत्र्याचे घर आहे.' त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग ठरले ते असे. धुरी अंगणात, तीही दुपट्यांना व झबल्यांना, कपडे उबदार झाले की आत आणायचे. शेकासाठी तव्यावर गरम केलेली पुरचुंडी, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलेली. आणि खिडकीच्या वरच्या फटीतील चिंध्या काढायच्या.

दुसरा मतभेद गुटीचा. बाळहिरडा, मुरडशेंग, अतिविष, जायफळ, वेखंड, हळकुंड यांचे वेढे मोजण्यात आजींचा हात आमच्यापेक्षा सराईत. परंतु अपुऱ्या दिवसांच्या, दोन किलोंहून हलक्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको, ही आमची अट होती. लेकीच्या बाळासही सहा महिन्यांपर्यंत नको, ही विनंती. अट पाळली गेली, विनंतीबद्दल आम्ही खात्री देऊ शकत नाही. मधाविषयी मात्र आम्ही हटून बसलो. जातकर्मात मधु-सर्पि सांगितले आहे हे आम्ही जाणतो. परंतु १९७६ साली कॅलिफोर्नियात शिशूंमधील बोटुलिझम प्रथम ओळखला गेला आणि मधातील बीजाणू हे त्याचे एक ज्ञात कारण ठरले. तेव्हापासून एक वर्षाआतील बालकास मध देऊ नये, हा जगभरचा दंडक आहे. सुवर्णप्राशन करणाऱ्या आमच्या सहव्यवसायिकांना हे रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. वेखंडाचेही तसेच. त्यातील बीटा-असॅरोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वर्ज्य केले. टाळूवर व नाकाजवळ त्याची पूड उधळण्याची रीत तरी आपण बंद करावयास हवी. नाकात तेलाचे थेंब सोडणे त्याहून वाईट, कारण ते फुप्फुसात उतरू शकते.

तिसरा प्रसंग औषधालयातील, म्हणून औषध विक्रेत्या बंधूंनी तो विशेष पाहावा. सूनबाई घरी आल्यावर आजींनी सोलापुरातून दशमूलारिष्टाची मोठी बाटली आणली. विक्रेत्याने 'बाळंतिणीसाठी' एवढेच ऐकून दिली. सूनबाईला शस्त्रक्रियेनंतरची प्रतिजैविके व मेट्रोनिडॅझोल चालू होते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो आणि मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्यांश टाळावा अशी सूचना त्या औषधाबरोबरच्या माहितीत असते. दोष त्या विक्रेत्याचा एकट्याचा नाही, आमच्या चिठ्ठीतही आम्ही कित्येकदा केवळ 'दशमूल' एवढेच लिहितो, क्वाथ की अरिष्ट ते नाही. बाटली उघडलेली नव्हती. ती लेकीकडे गेली, सूनबाईस दशमूल क्वाथ दिला. प्रसूती नैसर्गिक की शस्त्रक्रियेने आणि सध्या कोणती औषधे चालू, हे दोन प्रश्न काउंटरवर विचारण्यास अर्धा मिनिट लागते.

आता तिसऱ्या रुग्णाविषयी. संक्रांतीच्या आठवड्यात, सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असताना, आजी चिकित्सालयात आल्या त्या धाकट्या नातीचे वजन करण्यासाठी. एरवी दरवर्षी त्या यात्रेला जात. बाळ तपासून झाल्यावर सहज त्यांचा हात हाती घेतला तर तळहातास बंबाचा चटका, नखे फिकट, पाय सुजलेले. रक्तदाब १८०/१०४. गोळी कधी घेतली, असे विचारता म्हणाल्या, 'लेकीच्या बारशापास्नं सरलीय. आणाया कोन जानार?' दशमूलारिष्टासाठी त्याच आजी सोलापूरपर्यंत जाऊन आल्या होत्या, हे आम्ही बोलून दाखविले नाही.

चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्याचे स्थान आपण सर्वांना शिकवितो. उपचारज्ञान, दक्षता, अनुराग आणि शौच हे त्याचे गुण. आजींच्या ठिकाणी चारही होते, अनुराग तर काकणभर अधिकच. परंतु उपस्थाता स्वतः वातप्रधान वयात असेल, शिशिराच्या थंडीत रात्री जागत असेल, रूक्ष शिळे अन्न खात असेल, तर हेतुस्कंध वेगळा शोधावा लागत नाही. घरातील सर्वांना तेल लावणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या गुडघ्याला महिनाभर तेल लागलेले नव्हते.

आम्ही आधी गोळी सुरू केली, ती चालू ठेवण्याविषयी मुलास बोलावून सांगितले आणि रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन ८.६ निघाले, त्याची चिकित्सा सुरू केली. सुजेसाठी पुढील तपासण्या सोलापुरात झाल्या. मुलास दोन कामे दिली. बंब त्याने पेटवायचा आणि लंगोट त्याने धुवायचे. त्याने पहिले लगेच मान्य केले, दुसरे बायको व बहीण दोघींनी डोळे वटारल्यावर. आजींसाठी पथ्य एकच लिहिले, बाळंतिणींच्या पंगतीत, त्यांच्याच वेळी, त्यांचेच अन्न. आळिवाची खीर तिघींना. यावर त्या लाजल्या. 'म्या काय बाळंतीण हाय व्हय?'

धाकट्या नातीचा उपाय मात्र आजींनाच उपयोगी पडला. कमी वजनाच्या बाळाला वस्त्राविना छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, उबपेट्या कमी पडतात म्हणून, सुरू केली. तिला आज 'कांगारू' पद्धती म्हणतात व ती जगभर स्वीकारली गेली आहे. रुग्णालयाने ती सूनबाईला शिकविली होती, परंतु टाक्यांमुळे तिला फार वेळ बसवत नसे. ऊब देण्यासाठी आईच पाहिजे असे नाही, हे कळल्यावर दुपारचे दोन तास आजींनी घेतले. चोळीच्या आत नात, वरून शाल, पाठीला उशी, अंगणातले ऊन. बाळ छातीशी असताना उठता येत नाही, म्हणून या घरात दुपारी दोन तास आजींना कोणी काही काम सांगत नसे. पहिल्यांदा त्या तशाच बसल्या बसल्या झोपी गेल्या, तेव्हा सूनबाई शेजारी जागत बसली. पहारा असलाच पाहिजे, हे आम्ही बजावले होते.

आशा कार्यकर्तीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रीला नवजात बाळाची निगा शिकविली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने २०११ पासून आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयातील प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. आमच्या वस्तीतील आशाताई बाळाचे तापमान, वजन पाहत. आम्ही त्यांना विनंती केली की प्रत्येक भेटीत आजींच्या गोळीचे पाकीटही पाहावे. ते त्यांच्या तक्त्यात नाही, तरी त्यांनी पाहिले.

फाल्गुनात सर्व मंडळी एकत्र आली. धाकटी नात ३ किलो २०० ग्रॅम, लेकीचा मुलगा त्याहून बराच दांडगा. आजींचा रक्तदाब १३८/८६, हिमोग्लोबिन ९.८, पायांची सूज उतरलेली. गुडघे तसेच, थोडे बरे. लेक दोन दिवसांनी सासरी निघणार होती, तिच्यासोबत द्यावयाचे तेल घेण्यासाठी आजी आल्या होत्या. एक बाटली घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. 'अजून एक द्या, ल्हान. ही माझी.' आम्ही बाटलीवर त्यांचे नाव लिहून दिले, नाहीतर तीही कुणाच्या तरी पायांना लागली असती.